वलुरकाचा कोट

वलवणला राहायला आल्यापासून एक मोह माझ्या मनात घर करून होता. कार्ल्याच्या शिलालेखांत लेण्याच्या जागेचे नाव 'वलुरक' असे येते. वलुरक म्हणजेच आमचे वलवण असे सिद्ध करावे आणि गावाला दोन हजार वर्षांचे वय मिळवून द्यावे! दोन पावसाळे मी ती जुळवाजुळव केली. पण लेख स्पष्ट आहेत. वलुरक हे कार्ल्याच्या लेण्यांचेच ठिकाण. पायथ्याच्या वेहेरगावाने तर नावात 'विहार' जपला आहे, असे मानतात. दावा मी मागे घेतला. वाटेत जे सापडले, ते मात्र सांगण्याजोगे आहे.

माझा मूळ प्रश्न असा होता, की बोरघाट चढून आलेल्याला रात्री आसरा कुणाचा, आणि त्या आसऱ्याला राखण कुणाची? मध्ययुगीन युरोपात जेरुसलेमला यात्रेकरूंची शुश्रूषा करणारा एक पंथ पुढे स्वतःच किल्लेदार झाला; धर्मशाळेला तट-बुरूज चढले. मावळात असे काही घडले का?

इथली गोष्ट त्याहून हजारभर वर्षे जुनी आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात नाशिकच्या लेखात आपली दाने सांगतो : भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे चौसोपी निवास, शिवाय विहिरी, तळी आणि नद्यांवर फुकट नावा. कार्ल्याला त्याने करजिक हे गाव दिले, ते वलुरक लेण्यांत पावसाळा काढणाऱ्या, चारी दिशांकडून आलेल्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी. म्हणजे हा आसरा गृहस्थ यात्रेकरूंचा नव्हे, संन्याशांचा. पण आषाढात इथली वाट पाहिलेल्या माणसाला त्या दानाचे मोल वेगळे समजवावे लागत नाही. पाल्याच्या लेखातही दान कशाचे, तर लेण्याचे आणि पोढीचे, म्हणजे निवाऱ्याचे आणि पाण्याच्या टाक्याचे.

पुढे सत्ता सातवाहनांकडे आली. कार्ल्यातच त्यांचा एक हुकूम कोरलेला आहे. राजाचे नाव झिजले आहे. अभ्यासक तो बहुधा गौतमीपुत्र सातकर्णीचा मानतात. हुकूम मामाळच्या अमात्याला आहे. मामाळ म्हणजे आपले मावळ! त्याच गावाला, इथे त्याचे नाव 'करजक' येते, भिक्षूंची जमीन म्हणून संरक्षण दिले आहे : राजपुरुषांनी आत शिरू नये, तिला हात लावू नये, मिठासाठी खणू नये.

मला हवा असलेला कोट हाच, असे मी समजतो. त्याला चिरे नाहीत. तो ज्यांच्यापासून भय, त्या राजाच्याच माणसांना घातलेला आहे. एका राजवटीचे दान दुसऱ्या राजवटीने, शत्रूचे असूनही, मोडले नाही, हेही ध्यानात घ्यावे.

समोरच्या लोहगड-विसापूरचे तट खरे दगडी. ते घाटवाटेसाठी आणि पवन मावळावरच्या सत्तेसाठी उभे राहिले, यात्रेकरूंसाठी नव्हे, आणि 1818च्या मार्चमध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले. कार्ल्याच्या चैत्यासमोर मात्र एकवीरेचे देऊळ आहे. चैत्रात कोकणातले कोळी बांधव पालखीला येतात, आणि बोरघाट चढूनच येतात.