आधी नळ, मग दुकान

वॉशिंग मशीन घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, घरात माणसं किती? दुसरा, बजेट किती? मग सहा किलो, सात किलो, आठ किलो, इन्व्हर्टर मोटर, वाफेची धुलाई, मोबाइलवरून चालू-बंद अशी वरात सुरू होते आणि गिऱ्हाईक तिच्यात सामील होतं. पाणी कुठून येतं, किती उंचीवरून येतं, दिवसातून किती वेळ येतं आणि त्यात क्षार किती आहेत, हे चार प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. खरं तर महाराष्ट्रातल्या घरासाठी मशीनचा प्रकार या चार उत्तरांनीच जवळपास ठरून जातो. ती हातात नसताना दुकानात जाणाऱ्या माणसाची निवड ऑफरची पाटी करते. पुढे कपडे कडक होऊ लागले किंवा मशीन मध्येच अडकू लागलं की बोल मात्र कंपनीला लागतो.

आधी प्रमाण पाहू. टॉप लोड मशीनमध्ये कपडे पाण्यात बुडालेले असतात आणि तळाची चकती पाणी घुसळून त्यांना फिरवते. म्हणजे कपडे हलवण्याचं काम पाणी करतं, त्यामुळे ते भरपूर लागतं. फ्रंट लोडचा ड्रम आडवा असतो. तो कपडे वर उचलतो आणि खाली आपटतो, जुन्या धुण्याच्या दगडाचंच काम ते. पाणी तळाशी थोडंसं असलं तरी चालतं. परिणामी सात किलोच्या आसपासचं टॉप लोड मशीन एका पूर्ण धुलाईला साधारण 100 ते 150 लिटर पाणी घेतं, तर तेवढंच फ्रंट लोड 50 ते 70 लिटरमध्ये भागवतं. हे आकडे एकेकटे पाहिले तर काही वाटत नाही. पण भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी रोज 135 लिटर आहे आणि जलजीवन मिशनचं ग्रामीण भागातलं लक्ष्य माणशी 55 लिटर. म्हणजे टॉप लोडची एक धुलाई शहरातल्या एका माणसाचं दिवसभराचं पाणी घेते, खेड्यातल्या दोघांचं.

यावर सरळ आक्षेप येतो की पाणी स्वस्त आहे. महापालिकेचं पाणी हजार लिटरला काही रुपयांत पडतं, सोसायटीत तर ते मासिक देखभाल खर्चातच धरलेलं असतं. मग फ्रंट लोडसाठी दीडपट-दुप्पट किंमत का मोजायची? महापालिकेचं पाणी पुरेसं येत असेल, तर हा आक्षेप बरोबर आहे हे कबूल करायला हवं. आठवड्याला सहा धुलाया आणि दर वेळी 60 लिटरची बचत धरली, तर वर्षाला सुमारे 18 हजार लिटर पाणी वाचतं. पालिकेच्या दरानं त्याचे पैसे इतके थोडे होतात की मशीनच्या किमतीतला फरक त्यातून कधीच भरून निघणार नाही. पण पुण्याच्या कडेनं वाढलेल्या वस्त्यांमध्ये, ठाणे-वसईपलीकडच्या संकुलांमध्ये पाणी टँकरनं येतं आणि तिथे हिशेब बदलतो. 18 हजार लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास दोन टँकर, तेही एका घराचे. शंभर घरांच्या सोसायटीत हेच वर्षाला 180 टँकर होतात. ही रक्कम सगळ्यांच्या देखभाल खर्चात विभागली जाते म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, एवढंच.

पाणी किती हे झालं. ते किती जोरानं येतं हा वेगळा मुद्दा, आणि फसगत होते ती बहुधा इथे. मशीनच्या माहितीपत्रकात पाण्याचा किमान दाब दिलेला असतो. बऱ्याच फ्रंट लोडना तो 0.3 ते 0.5 बार लागतो, काही मॉडेल कमी दाबावरही चालतात. दहा मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा दाब साधारण एक बार असतो, त्यामुळे 0.3 बारसाठी टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा किमान तीन मीटर उंच हवी. सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या घराला याची फिकीर नाही. पण सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी थेट गच्चीच्या स्लॅबवर टेकलेली असेल, तर जेमतेम तेवढीच उंची मिळते. त्यातून नळ्यांची वळणं आणि जुन्या लोखंडी पाइपांतला गंज आणखी दाब खातात. मग मशीन पाणी भरत बसतं, ठरलेल्या वेळात भरलं नाही की चूक दाखवून थांबतं. दुकानातला माणूस म्हणतो, छोटा प्रेशर पंप बसवून घ्या. उपाय खरा आहे, पण त्याचा खर्च मशीनच्या किमतीत धरायला हवा, त्याचा आवाज सहन करायला हवा आणि तो सामाईक लाइनमधून खेचणार नाही, आपल्या टाकीच्या वाहिनीवरच बसेल, हे पाहायला हवं. नाहीतर शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो आणि विषय सोसायटीच्या सभेत जातो. हे सगळं नको असेल तर कमी दाबावर चालणारं टॉप लोड घेणं शहाणपणाचं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यानं त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

तिसरा प्रश्न वेळेचा. फुल्ली ऑटोमॅटिक मशीन, मग ते कुठलंही असो, पाणी एकदाच घेत नाही. धुण्यासाठी एकदा, मग खळबळून काढायला दोन-तीनदा घेतं. मध्येच नळ गेला तर ते अडून राहतं. फ्रंट लोडचं तर दारही सहजी उघडत नाही, कारण आत पाणी असतं. गच्चीवर टाकी असलेल्या इमारतीत हा प्रश्न येत नाही. पण मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आणि शहरांत नळाला अनेक दिवसांआड, तेही तास-दीड तास पाणी येतं, ते पिंपात आणि जमिनीखालच्या टाकीत साठवलं जातं. 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. अशा ठिकाणी सेमी ऑटोमॅटिकला पर्याय नाही. त्याला दाब लागत नाही. बादलीनं ओतलेलं पाणीही त्याला चालतं. शहरातली जाहिरात त्याला गरिबाचं मशीन ठरवते, पण पाणी वाचवण्याची त्याची एक रीत कुठल्याच महाग मशीनला जमत नाही. साबणाच्या एकाच पाण्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत, मग मुलांचे मातीचे आणि शेवटी पायपुसणी काढता येतात. खळबळलेलं पाणी बादलीत धरून फरशीला किंवा संडासाला वापरता येतं. ही युक्ती मराठी घरांत मशीन येण्याआधीपासून चालत आली आहे. कष्ट मात्र पडतात हे नाकारून चालणार नाही. ओले जड कपडे एका टबातून उचलून दुसऱ्यात टाकायचे, पाण्यावर लक्ष ठेवायचं. आणि हे काम घरात कोण करतं, हेही सांगायला नको.

चौथा प्रश्न, पाण्यातल्या क्षारांचा, सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा तलावांचं पाणी मिळतं. पावसाचं साठलेलं पाणी ते, बरंच मऊ असतं. पुण्याच्या मध्यवस्तीत खडकवासल्याचं पाणी येतं, तेही सौम्य. पण त्याच शहरांच्या कडेला बोअर आणि टँकर यांवर जगणारी संकुलं आहेत आणि दख्खनच्या काळ्या खडकातून मुरत आलेल्या भूजलात कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600पर्यंत सवलत आहे. कपड्यांवर परिणाम दिसायला एवढीही पातळी लागत नाही. डिटर्जंटचा काही भाग या क्षारांशी झुंजण्यातच संपतो, उरलेला मळ काढतो. म्हणून बोअरच्या पाण्यावरच्या घरात पावडर जास्त लागते, टॉवेल खरखरीत होतात आणि पांढरा शर्ट वर्षभरात पिवळट दिसू लागतो.

इथे फ्रंट लोडची बाजू दोन्हीकडे पडते. पाणी कमी असल्यामुळे त्यातले एकूण क्षारही कमी, म्हणून पावडर कमी खर्च होते, ही जमेची बाजू. पण त्यात हीटर असतो, आणि जड पाणी तापवलं की विरघळलेला बायकार्बोनेट घट्ट पांढऱ्या थराच्या रूपात हीटरवर बसतो. थर बसला की पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते आणि शेवटी हीटरच जळतो. उपाय दोन आहेत. रोजचे कपडे गार पाण्यात धुवायचे, आणि दर महिना-दोन महिन्यांनी रिकामं मशीन कंपनीच्या क्षार काढणाऱ्या पावडरीनं चालवायचं. या पावडरींत बहुधा सायट्रिक ॲसिडच असतं, किराणा दुकानात त्याला लिंबूफूल म्हणतात. नळाच्या तोंडाशी बसवायला एक छोटा फिल्टर मशीनबरोबर आग्रहानं विकला जातो, त्याबद्दल सावध राहावं. त्यातले पॉलिफॉस्फेटचे खडे क्षारांचा थर धरू देत नाहीत, पण पाणी मऊ करत नाहीत. पाणी खरोखर मऊ करायला रेझिनचा सॉफ्टनर लागतो, आणि त्याला अधूनमधून मिठाच्या पाण्यानं ताजं करावं लागतं. पाण्याचा कठीणपणा कळणं अवघड नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासून मिळतं, आणि घरच्या घरी पाहायच्या पट्ट्याही विकत मिळतात. मशीनची किंमत पाहता हा खर्च नगण्य आहे.

इतकं वाचून कुणी म्हणेल, सगळं पाण्याचंच बोलता, विजेचं काय? मशीनवर तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे लावलेले असतात! विजेचा हिशेब करून पाहू. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 0.6 युनिट लागतं. 40 अंशांपर्यंत तापवायला पाव युनिटपेक्षा किंचित जास्त. मोटर त्या मानानं फारच थोडी वीज खाते. म्हणजे तारे किती आहेत यापेक्षा आपण कोणतं बटण दाबतो यावर बिल अधिक ठरतं. आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीतलं पाणी फुकट तापतं. रोजच्या घामाच्या सुती कपड्यांना त्याहून जास्त काही लागत नाही. गरम पाणी हवं ते बाळाच्या दुपट्यांना, आजारी माणसाच्या चादरींना, तेलकट डागांना. हीटरच्या मशीनला सुमारे दोन हजार वॉट लागतात, जवळपास नऊ अँपिअर. तेव्हा ड्राय बाल्कनीतल्या छोट्या सहा अँपिअरच्या सॉकेटला ते जोडता येत नाही. अर्थिंगसकट सोळा अँपिअरचा पॉइंट आधी काढून घ्यावा लागतो.

कोकणात आणि मुंबईत मात्र पाण्याइतकाच पावसाचाही विचार करावा लागेल, कारण जुलैमध्ये कपडे धुणं सोपं, वाळवणं कठीण. पिळण्याचा वेग इथे कामी येतो. मिनिटाला 700 फेऱ्यांच्या टॉप लोडपेक्षा 1200 फेऱ्यांच्या फ्रंट लोडमध्ये, ड्रम तेवढाच असेल तर, कपड्यांवरचं पिळण्याचं बळ जवळपास तिप्पट होतं. वेग दीडपटीहून थोडाच जास्त असला तरी बळ वेगाच्या वर्गानं वाढतं. तीन दिवस कुबट वास मारणाऱ्या जीन्सचा प्रश्न यातून बराच सुटतो. किलोंच्या बाबतीत एवढंच की पेटीवरचा आकडा कोरड्या सुती कपड्यांचा आणि सुती कार्यक्रमाचा असतो. झटपट धुलाईत किंवा सिंथेटिक कपड्यांत त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी घालायचं असतं.

वॉरंटीच्या पाटीवर मोटरसाठी दहा वर्षं असं ठळक लिहिलेलं असतं. मोटर सहसा बिघडतच नाही. बिघडतात ते सर्किट बोर्ड, पाणी सोडणारा पंप, पाणी घेणारा व्हॉल्व्ह, दाराचं रबर आणि बेअरिंग. यांची वॉरंटी बहुधा दोन वर्षांची. बेअरिंग वेगळं बदलता येतं की बाहेरची टाकी सीलबंद असल्यामुळे पूर्ण टाकीच बदलावी लागते, हे खरेदीआधी सर्व्हिस सेंटरला विचारावं. तळ उघडा असेल तर उंदीर शिरून वायरी कुरतडतात, म्हणून तळाला जाळी आहे का हेही पाहावं.

शेवटचा आक्षेप माणसांकडून येतो आणि तो रास्त आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला फ्रंट लोडसमोर वाकता येत नाही, धुणंभांडी करणाऱ्या मावशींना पंधरा बटणांचं मशीन नको असतं. आजीसाठी स्टँड घेऊन मशीन उंच करता येतं, मावशींसाठी रोजचे दोनच कार्यक्रम ठरवून देता येतात, पण दोन्ही जमत नसेल तर टॉप लोडच घ्यावं; न वापरलेल्या मशीननं पाणी वाचत नाही. भाड्यानं राहणाऱ्यांना तर उद्याच्या नळाची खात्रीच नसते. आज मुंबईतलं तलावाचं पाणी, पुढच्या वर्षी हिंजवडीतला टँकर, त्यानंतर कदाचित शेवटच्या मजल्यावरची खोली. त्यांच्यासाठी कमी दाबावर चालणारं, हीटर नसलेलं, दोन माणसांनी जिन्यावरून उचलून नेता येईल असं मध्यम आकाराचं टॉप लोड बरं. फ्रंट लोड साठ-सत्तर किलोंचं असतं, कारण ते थरथरू नये म्हणून आत वजनाचे ठोकळे बसवलेले असतात. घर बदलताना ड्रम घट्ट धरणारे वाहतुकीचे बोल्ट पुन्हा लावायचे असतात, आणि ते बोल्ट तोवर कुठल्या डब्यात गेलेत हे कुणाला आठवत नाही.