चवदार तळे ते नागरी हक्क संरक्षण कायदा

मुंबई इलाख्यात नागरी हक्काचा प्रश्न कायदेमंडळापुढे आला तो पाणवठ्याच्या रूपाने. सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असे त्यात म्हटले होते. सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांना तसे कळवले आणि १९२४च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदोपत्री प्रश्न मिटला. त्या तळ्यावर जाऊन पाणी भरायची मात्र कोणाची छाती झाली नाही. न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखावे, असा बोले यांचा दुसरा ठराव १९२६ साली आला, तरी फरक पडला नाही.

मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेचे प्रतिनिधी रांगेने तळ्यावर गेले व पाणी प्याले. नगरपालिकेने आधीच देऊन ठेवलेला हक्क त्यांनी बजावला, एवढेच खरे तर घडले होते. पण आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली. मग पंचगव्य ओतून तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव रद्द केला. जो हक्क एका बैठकीत मिळतो, तो दुसऱ्या बैठकीत जातोही.

डिसेंबरात सत्याग्रहासाठी लोक पुन्हा जमू लागले, तेव्हा विरोधकांनी दिवाणी न्यायालयाची वाट धरली. तळे खासगी मालकीचे आहे, असे सांगून त्यांनी आंबेडकर व सहकाऱ्यांवर तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रह मात्र न्यायालयाचा मान राखून तहकूब करण्यात आला. जमलेल्यांची मिरवणूक तळ्याला वळसा घालून आली. या वेळी पाण्याला कोणी हात लावला नाही.

दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. महाडच्या न्यायालयाने १९३१ साली तो फेटाळला, ठाण्यातले अपीलही फसले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादि काळापासून असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, हे निकालाचे मुख्य कारण. आंबेडकरांचा विजय पूर्ण होता, पण त्याचा पाया समतेचा नव्हता. वादींनी चांगले जुने पुरावे आणले असते, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

ही उणीव संविधानाने भरून काढली. वहिवाट किती जुनी, हा प्रश्नच उरला नाही: कलम १३ने मूलभूत हक्कांशी विसंगत रूढी निष्प्रभ ठरवल्या आणि कलम १७ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १५मध्ये तर विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते असा थेट उल्लेख आहे. हक्कांच्या जाहीरनाम्यात तळे यावे, यामागचा इतिहास महाडला वेगळा सांगावा लागत नाही.

शिक्षेची तरतूद १९५५च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने केली. दंड किरकोळ होता आणि साक्षीदार फुटत. १९७६च्या दुरुस्तीने शिक्षा वाढवली, सामूहिक दंडाची सोय केली आणि कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव दिले. त्यात ‘नागरी हक्क’ म्हणजे अस्पृश्यता नष्ट झाल्यामुळे व्यक्तीला प्राप्त होणारा हक्क, अशी व्याख्या आहे. इतर देशांत या शब्दाखाली मतदानापासून भाषणस्वातंत्र्यापर्यंत बरेच काही येते. भारतीय कायद्याने त्याचा अर्थ जाणूनबुजून अरुंद आणि टोकदार ठेवला. पुराव्याचे ओझेही त्याने हलवले. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला पाणवठ्यावर अडवल्याचे सिद्ध झाले, की ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले, असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीची.