मधुमेहींसाठी चांगला विमा कोणता? गैरसमज आणि वस्तुस्थिती

आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. प्रमाण सर्वाधिक गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. तरीही मधुमेहींच्या आरोग्यविम्याचे निर्णय अजून ऐकीव माहितीवर होतात, आणि त्याची किंमत ऐन आजारपणात मोजावी लागते.

गैरसमज: ‘फॉर्मवर शुगरचं लिहू नका, पॉलिसी नाकारतील.’

इतका महागात पडणारा सल्ला दुसरा नाही. मधुमेह आहे एवढ्यावरून सगळ्या कंपन्या दार लावत नाहीत. एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर) किती, मूत्रपिंड-हृदयाचा त्रास आहे का, हे पाहून त्या हप्ता वाढवतात किंवा अटी घालतात. लपवलेली गोष्ट मात्र उघडी पडतेच. रुग्णालयात दाखल होताना डॉक्टर विचारतात, ‘डायबेटिस किती वर्षांपासून?’ नातेवाईक खरं ते सांगतात, कारण उपचार त्यावर ठरणार असतात. ते केसपेपरवर चढतं, डिस्चार्ज समरीत उतरतं आणि क्लेम तपासणाऱ्याच्या नजरेस पडतं. मग क्लेम नाकारला जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

‘पाच वर्षं गप्प राहिलं की झालं’ असंही सांगतात. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, हे खरं. पण सिद्ध झालेली फसवणूक याला अपवाद आहे, आणि ही पाच वर्षं दवाखान्याविना जातील याची हमी कोण देणार? फॉर्म एजंटने भरला तरी सही तुमचीच असते. वाचून सही करा, प्रत जपून ठेवा.

गैरसमज: ‘मधुमेह्याला पहिली तीन वर्षं काहीच मिळत नाही.’

आधीपासूनच्या आजारासाठीचा वेटिंग पिरियड विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला. ही कमाल मर्यादा आहे. काही योजनांत तो कमी असतो, काहींत जास्त हप्ता भरून पहिल्या दिवसापासून किंवा महिन्याभरानंतर मधुमेहाला संरक्षण मिळतं. शिवाय ही अट मधुमेह आणि त्यातून उद्भवणाऱ्या गुंतागुंतीपुरती असते. अपघाताला ती लागू नाही. डेंग्यूसारख्या आजाराचा खर्च सुरुवातीचे ३० दिवस उलटले की मिळू शकतो. वाद होतो तो हृदयविकार किंवा किडनीच्या आजारावरून, कारण कंपनी त्याचं मूळ मधुमेहात शोधते. हा भाग पॉलिसी घेण्याआधीच लेखी विचारून घ्यावा.

गैरसमज: ‘क्लेम सेटलमेंट रेशो चांगला, कॅशलेस रुग्णालयं भरपूर, म्हणजे योजना उत्तम.’

किती क्लेम मंजूर झाले एवढंच हा आकडा सांगतो. मंजूर क्लेममध्ये किती रक्कम कापली, हे त्यातून कळत नाही, आणि विमाधारकांची साखर कशी आहे हे तर नाहीच. मधुमेहाची खरी देखभाल रुग्णालयाबाहेर चालते. १९९८ साली ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाने दाखवलं की साखर काटेकोर आटोक्यात ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंडांमधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती सुमारे २५ टक्क्यांनी घटतात.

अमेरिकेत एनसीक्यूए ही संस्था विमा योजनांचं मूल्यमापन करताना याच अंगाने पाहते: योजनेतल्या किती मधुमेहींचा एचबीए१सी आटोक्यात आहे, किती जणांच्या डोळ्यांचा पडदा तपासला, मूत्रपिंडाची तपासणी झाली का, रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे का. योजनेचा दर्जा ओळखण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. आपणही एजंटला हेच विचारायला हवं. एचबीए१सी दर तीन ते सहा महिन्यांनी करावी लागते, तिचा खर्च मिळतो का? वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि पावलांची तपासणी यांचं काय? इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या ओपीडीच्या लाभात बसतात का, आणि वर्षाला किती रुपयांपर्यंत? निव्वळ दाखल होण्याचा खर्च देणाऱ्या पॉलिसीत यातलं बहुतेक काही नसतं.

एक मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. मधुमेहामुळे पडद्याला सूज आली की डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतात, तीही पुन्हा पुन्हा. आयआरडीएआयच्या आधुनिक उपचारांच्या यादीत ती आहेत, पण कंपन्या त्यांवर सबलिमिट, म्हणजे रकमेची वेगळी मर्यादा, घालू शकतात. तो आकडा पॉलिसीत शोधावा.

गैरसमज: ‘ऑफिसचा विमा आहे, वेगळा कशाला?’

ग्रुप पॉलिसीत सहसा वेटिंग पिरियड नसतो, पण नोकरी संपली की ते संरक्षणही संपतं. साठीच्या आसपास, मधुमेह जुना झाल्यावर नवी पॉलिसी महाग पडते. नोकरी सोडण्याआधीच त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची चौकशी करावी. ग्रुपमधली वर्षं त्यात मोजली जातात.

गैरसमज: ‘आयुष्मान कार्डावर शुगरच्या गोळ्या मिळतात.’

आयुष्मान भारत योजनेत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, ओपीडी मात्र नाही.

आणि क्लेम अन्यायाने नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकीलही लागत नाही.