वाटूरच्या आशाताईचा दिवस

ऑक्टोबर महिना. सोयाबीनची मळणी चालू आहे, कपाशी फुटली आहे. जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यात, वाटूरसारख्या गावातल्या कुठल्याही आशाताईचा दिवस थोड्याफार फरकाने असाच जातो, म्हणून इथे तिला नाव दिलेलं नाही.

पहाटे साडेपाच
पाणी, सडा, भाकरी, पोरांचे डबे. मग पिशवी भरायची: गरोदर मातांचं रजिस्टर, लसीकरणाची यादी आणि मनाच्या दुखण्याची प्रश्नावली. 2015 साली राज्य सरकारने शेतकरी आत्महत्या झालेल्या 14 जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात जालना होता. तेव्हापासून घरोघरी कोण गप्प गप्प राहतं, कुणाची झोप उडाली, कोण कर्जाच्या घोराने खंगलं, हे विचारणंही आशाताईकडे आलं.

सकाळी सात
आठच्या आत घरं गाठावी लागतात. त्यानंतर बाया कापूस वेचायला निघतात. अकरा वाजता येणाऱ्या पाहणीवाल्याला दाराला कुलूप दिसतं. तो ‘घर बंद’ लिहून पुढे जातो आणि त्या घरातली बाई मोजणीतून सुटते.

पहिल्याच घरी सासूबाई ओसरीवर बसलेल्या. सून म्हणते, “काई नाई ताई, बरं हाय समदं.” सगळ्या प्रश्नांना ‘नाही’. ताई कागद मिटते. “चल, हापशापर्यंत येते तुझ्यासंगं.” हंडा भरेस्तोवर तीच सून बोलू लागते, “रातभर डोळ्याला डोळा लागत नाई. लेकराला जवळ घ्यावंसंबी वाटत नाई, माय.” ताई ऐकून घेते. कागद मागाहून भरते.

सकाळी दहा
आरोग्य केंद्रात सिस्टरला सांगायचं, डॉक्टरांची चिठ्ठी घ्यायची. मानसोपचारतज्ज्ञ गाठायचे तर जालन्याला जावं लागतं. फाट्यावरून एसटी धरा, दिवसाची मजुरी बुडवा, सोबतच्याचीही बुडवा. नवऱ्याचं उत्तर ठरलेलं, “मळणी झाल्यावर बघू.”

मराठवाड्याचं हे दुखणं जुनं आहे. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत. जालन्याला 365 खाटांचं रुग्णालय मंजूर झालं, ते हवंच होतं. पण हापशावरच्या त्या सुनेला खाट लागत नाही. वेळेवर तपासणारा डॉक्टर, गरज पडली तर गावाजवळ मिळणाऱ्या गोळ्या आणि आठवड्याला अर्धा तास बोलणारं माणूस तिला पुरेल.

दुपारी दोन
रजिस्टरं, मोबाइलवर माहिती भरणं. रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे 85 जणांपर्यंत उपचार पोहोचले नसल्याचं दिसलं. हे सर्वेक्षण 12 राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता. मग परतूर तालुक्यात किती जण उपचाराविना आहेत, त्यांत बाया किती, भूमिहीन किती, हे दुसरीकडच्या आकड्यांवरून कसं ठरवणार?

इथली माहिती इथेच गोळा केली तर काय होतं, याचा दाखला शेजारच्या विदर्भात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, समुपदेशक नेमले, डॉक्टरांची जोड दिली. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी 4.3 टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षाने 27.2 टक्के घेऊ लागले. 2017 साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त हे निष्कर्ष आले. ही वाढ सगळ्या सामाजिक गटांत बऱ्यापैकी सारखी होती, हे त्यातलं मोलाचं.

संध्याकाळी सहा
पारावर पुरुष मंडळी. इथे ‘उदास वाटतं का’ विचारलं तर हसण्यावारी नेतात. ताई सोयाबीनपासून सुरुवात करते. “आबा, काय भाव लागला?” भावावरून गाडी बँकेच्या नोटिशीवर जाते आणि तिथून, “आता जगून तरी काय करायचं,” इथवर येते. आबांना एकटं सोडू नका, असं ताई त्यांच्या लेकाला बाजूला घेऊन सांगते. घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवायला लावते. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर स्वतः लावून देते. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. उद्या सकाळी पहिलं घर आबांचं.

रात्री नऊ
यादी जुळवताना ताई हिशेब करते: दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना त्याआधीच भेटायला हवं. गेले की ते उन्हाळ्यातच परत येणार, गोळ्या मात्र महिन्याच्याच मिळणार.

मराठवाड्यात मानसिक आरोग्यावर संशोधन करू पाहणाऱ्या विद्यापीठांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी आधी आशाताईला विचारावं: कोणत्या महिन्यात यायचं, किती वाजता, कुणाला एकटं गाठायचं. तिच्या वेळेचा मोबदला द्यावा. आणि निघालेले आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत, कारण डॉक्टर आणि औषधं मागायची तर गावाच्या हातात आधी तो कागद हवा.