रोजकीर्दीला जागा किती?

लिनक्सवर चालणारा सर्व्हर दिवसरात्र आपली रोजकीर्द लिहीत असतो. कोण आत आले, कोणती सेवा कोलमडली, नेटवर्क केव्हा तुटले, सगळे त्यात असते. या नोंदी म्हणजे लॉग. एकेक नोंद चिमुकली. पण एखादा प्रोग्रॅम बिघडून तीच तक्रार सेकंदाला शेकडो वेळा लिहू लागला, की डिस्क भरते. मग डेटाबेसलाही लिहायला जागा उरत नाही आणि एका बिघाडापायी धडधाकट कामे बंद पडतात.

बहुतेक लिनक्समध्ये हे दप्तर सांभाळणाऱ्या जर्नलडीला म्हणूनच मुळात मर्यादा घातलेली असते. डिस्कच्या ज्या भागात नोंदी साठतात त्याचा १० टक्के भाग वापरायचा, १५ टक्के मोकळा सोडायचा. मात्र दोन्ही आकडे ४ जीबीच्या वर जात नाहीत. 'सिस्टिम मॅक्स यूज' या सेटिंगमध्ये आपला आकडा घालता येतो. तिथे १ जीबी लिहिले, तर १२८ एमबीच्या साधारण आठ वह्या, म्हणजे फाइली, होतात. जागा संपली की सर्वांत जुनी वही अख्खीच्या अख्खी रद्द होते.

खरी मेख इथे आहे. वही रद्द होताना तिच्यातली कोणती नोंद मोलाची, हे कोणी पाहत नाही. बडबड्या प्रोग्रॅमच्या हजारो ओळींपायी, गेल्या महिन्यात मध्यरात्री कोणीतरी चुकीचा पासवर्ड टाकल्याची एकुलती एक नोंद पुसली जाते. बिघाडाचा गोंगाट बिघाडाची सुरुवातच गिळतो. त्यासाठी दुसरा लगाम आहे: एका सेवेच्या ३० सेकंदांत १०,००० नोंदी. डिस्क बरीच मोकळी असेल तर तो सैल होतो. त्यापुढच्या नोंदी गाळल्या जातात आणि किती गाळल्या तेवढे लिहून ठेवले जाते. माझ्या मते जागेच्या मर्यादेइतकाच हा लगामही विचारपूर्वक ठरवायला हवा.

भारतात याला कायद्याची बाजूही आहे. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी १८० दिवसांचे लॉग जपायचे आहेत. कायदा दिवस मोजतो, जर्नलडी जीबी. म्हणून आधी आठवडाभर रोजची भर मोजावी. समजा ती ४० एमबी निघाली, तर १८० दिवसांना सात जीबींहून अधिक जागा लागेल. मूळचा ४ जीबीचा आकडा तसाच राहिला, तर शंभरेक दिवसांपलीकडची पाने सर्व्हरवर सापडणार नाहीत.