उष्णकटिबंधीय आशियातील भूछत्रे आणि नव्या जातीचे वर्णन : एक विवेचन

प्रस्तावना

नवी जाती सापडल्याची वार्ता वाचली की तो जीव अरण्यात कोणीतरी प्रथमच पाहिला असावा, अशी सर्वसाधारण समजूत होते. वस्तुतः वर्गीकरणशास्त्रात 'नवी' या विशेषणाचा अर्थ याहून मर्यादित व काटेकोर आहे. एखादा जीव पूर्वी कोणत्याही वैध नावाखाली वर्णिला गेलेला नाही हे पुराव्यानिशी दाखवणे, त्यास नाव देणे आणि ते नाव जतन केलेल्या एका विशिष्ट नमुन्याशी कायमचे जोडणे, एवढाच तो अर्थ होय. प्रस्तुत लेखात बोर्निओ व थायलंड येथील उदाहरणांच्या आधारे ही प्रक्रिया स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. (मराठी विश्वकोशाच्या परिपाठास अनुसरून येथे 'प्रजाती' हा शब्द जीनस या अर्थी व 'जाती' हा शब्द स्पीशीज या अर्थी योजला आहे. वृत्तपत्रांतील रूढी नेमकी उलट असल्याने हा खुलासा आवश्यक वाटतो.)

आजवर सुमारे दीड लाख कवकजातींचे वर्णन झाले आहे. हॉक्सवर्थ व ल्यूकिंग यांच्या २०१७ मधील अंदाजानुसार एकूण जाती २२ ते ३८ लाख असाव्यात. यावरून उर्वरित कामाची व्याप्ती लक्षात येते.

लांबिर हिल्स येथील कवक

मलेशियातील सारावाक राज्यात, बोर्निओ बेटावर, लांबिर हिल्स हे राष्ट्रीय उद्यान आहे. डिप्टेरोकार्पेसी कुलातील उंच वृक्षांचे हे अरण्य. मध्य भारतातील सालवृक्ष याच कुलातील होय. या वृक्षांच्या मुळांशी अनेक कवकांचे सहजीवन असते. कवक मातीतील क्षार व पाणी झाडास पुरवते आणि झाड त्यास शर्करा देते. २०१० मध्ये येथे एक नारिंगी रंगाचे कवक गोळा करण्यात आले. त्यास छत्री नव्हती, देठही नव्हता. रुंदी सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत, पृष्ठभाग खोल खळग्यांचा. आणि दाबून पाणी काढले तरी सोडताच स्पंजाप्रमाणे ते पूर्ववत फुगत असे.

एवढ्यावरून ते नवे ठरत नाही. २००९ मध्ये थायलंडच्या खाओ याई राष्ट्रीय उद्यानातून स्पॉन्जिफॉर्मा ही प्रजाती व तिची स्पॉन्जिफॉर्मा थायलँडिका ही जाती वर्णिली गेली होती. त्यामुळे बोर्निओतील नमुना तीच जाती आहे की निराळी, हा खरा प्रश्न होता. थायलंडमधील कवक तपकिरी छटेचे व डांबरासारख्या वासाचे. बोर्निओतील नारिंगी, फळासारख्या किंवा उग्र कस्तुरीसारख्या वासाचे. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा आकार, मापे व पृष्ठभाग तपासण्यात आले. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने ऊतक जांभळे होते याची नोंद झाली. डीएनए-क्रमही ताडून पाहण्यात आला. दोन्ही जवळची, परंतु भिन्न ठरली. ही प्रजाती बोलेटेसी कुलात मोडते, हे विशेष. त्या कुलातील बहुसंख्य सदस्य छत्री व देठ असलेले असतात. येथे ती ठेवण नाहीशी झाली आणि तिच्यासोबत बीजाणू हवेत फेकण्याची यंत्रणाही गेली. तीव्र वास प्राण्यांना आकृष्ट करून बीजाणूंचा प्रसार साधत असावा, असा अंदाज आहे.

डेजार्डिन, पे व ब्रन्स यांनी २०११ मध्ये 'मायकॉलॉजिया' या नियतकालिकात स्पॉन्जिफॉर्मा स्क्वेअरपँट्सी या नावाने ही जाती प्रसिद्ध केली. स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स या अमेरिकन व्यंगचित्र-पात्रावरून घेतलेले हे नाव संपादकांना प्रथम थिल्लर वाटले व त्यांनी ते नाकारले होते. लेखक आग्रही राहिले. प्रस्तुत लेखिकेच्या मते लेखकांचीच बाजू योग्य होती. नाव रुचत नाही एवढ्यावरून ते त्याज्य ठरत नाही, अशीच तत्कालीन नामकरण-संहितेची भूमिका होती. संहितेचा कटाक्ष अन्यत्र असतो. मूळ प्रमाणनमुना, म्हणजे होलोटाइप, निर्दिष्ट करावा लागतो. २०११ अखेरपर्यंत लॅटिन वर्णन किंवा निदान अनिवार्य होते. २०१२ पासून इंग्रजीही चालते. २०१३ पासून कवकाच्या नावास मान्यताप्राप्त नोंदणीकेंद्राचा क्रमांक नसेल, तर ते नाव वैध प्रकाशित मानले जात नाही.

लोकांना ठाऊक, शास्त्राला नवे

दुसरे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. उत्तर व ईशान्य थायलंडमध्ये ॲस्ट्रियस प्रजातीची कोवळी, गोल फळे जमिनीतून उकरून बाजारात विकली जातात. लोक ती पिढ्यान्‌पिढ्या खात आले. शास्त्रीय लेखनात मात्र त्यांस ॲस्ट्रियस हायग्रोमेट्रिकस हे, युरोपातील नमुन्यांवर आधारलेले नाव लावले जाई. तुलनात्मक अभ्यासातून २००४ मध्ये ॲस्ट्रियस ओडोरॅटस व २००७ मध्ये ॲस्ट्रियस एशियाटिकस या जाती वेगळ्या करण्यात आल्या. बस्तरच्या सालवनांतील 'बोडा' आणि झारखंडमधील 'रुगडा' याच प्रजातीतील. भारतीय लेखनातही त्यांस दीर्घकाळ तेच युरोपीय नाव दिले गेले. परकीय नाव चिकटले की येथील कवकाचे सहजीवन कोणत्या वृक्षाशी, त्याचा प्रसार कोठवर, ही माहितीही दुसऱ्याच जातीच्या खात्यावर जमा होत राहते. सालवन तुटल्यावर नेमके काय गेले, हे मग सांगता येत नाही.

नमुन्याचे महत्त्व

आपल्या महाविद्यालयांतून पावसाळ्यात भूछत्रांची छायाचित्रे पुष्कळ घेतली जातात, आणि त्यांवरून 'नवी जाती' असा उल्लेख क्वचित अहवालांतही होतो. छायाचित्रात बीजाणू दिसत नाहीत, डीएनए तर नाहीच. ताज्या अवस्थेतील रंग, वास, कापल्यावर होणारा रंगबदल व लगतचे वृक्ष यांची नोंद त्याच दिवशी करावी लागते, कारण वाळल्यावर यातील बहुतेक लक्षणे नष्ट होतात. छत्री असल्यास ती कागदावर पालथी ठेवून बीजाणूंचा ठसा घ्यावा. त्यानंतर नमुना सुमारे ४० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात वाळवून क्रमांकासह सार्वजनिक संग्रहात द्यावा. महाराष्ट्रात यासाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील आजरेकर कवकसंग्रह उपलब्ध आहे. तेथे दिलेला नमुना नवा ठरला नाही तरी तो अमुक अरण्यात अमुक दिवशी उगवला होता, याचा पडताळा पुढील अभ्यासकास घेता येतो.