चार ओळींची ओळख

(नोकरीसाठी अर्ज करताना आपला परिचय थोडक्यात कसा लिहावा, हे या पाठात सांगितले आहे. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत दिसणारे काही शब्द अर्थाने कसे वेगळे आहेत, हेही या पाठातून समजेल.)

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली, की सातारा जिल्हा सुरू होतो. नदीच्या काठावरच शिरवळ हे गाव लागते. ते खंडाळा तालुक्यात आहे. गावाजवळ सुभानमंगळ हा जुना भुईकोट होता. येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पुणे-बंगळूर महामार्ग येथूनच जात असल्यामुळे या परिसरात औद्योगिक वसाहत वाढली. आज शिरवळच्या आसपास अनेक कारखाने उभे आहेत. आजूबाजूच्या खेड्यांतील मुले-मुली रोज त्यांच्या भिंती पाहत शाळेत जातात. 'आपल्यालाही येथे काम मिळावे,' असे त्यांना वाटणे साहजिक आहे.

परंतु कारखाना घराजवळ असला, तरी त्याच्या फाटकातून आपल्या आधी एक कागद आत जातो. त्या कागदाला आपण बायोडाटा किंवा रिझ्युमे म्हणतो. 'रिझ्युमे' हा मूळचा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थच 'सारांश' असा आहे. या कागदावर नाव-पत्त्याच्या खाली तीन-चार ओळींत उमेदवाराची ओळख दिलेली असते. तिला आपण 'परिचय-सारांश' म्हणू.

एका जागेसाठी पुष्कळ अर्ज येतात. मनुष्यबळ विभागातील अधिकाऱ्याला प्रत्येक अर्ज सावकाश वाचायला वेळ नसतो. तो वरच्या ओळींवर नजर टाकतो आणि पुढे वाचायचे की नाही, हे ठरवतो. मोठ्या कंपन्यांत तर आता अर्जांची पहिली निवड अनेकदा संगणक करतो. जाहिरातीतील शब्द अर्जात आहेत का, हे तो शोधतो. म्हणून या चार ओळी नीट विचार करून लिहिल्या पाहिजेत.

आता पुढील मजकूर वाचा.

'मी एक प्रामाणिक, मेहनती आणि हुशार तरुण आहे. आपल्या नामांकित कंपनीत संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन.'

भाषा शुद्ध आहे. वाक्येही गोड आहेत. पण या तरुणाला काय येते? तो वीजतंत्री आहे, की वाहनचालक, की हिशेबनीस? ते काहीच कळत नाही. अशी वाक्ये प्रत्येकच अर्जात असतात. स्वतःला आळशी म्हणवून घेणारा उमेदवार कोणी पाहिला आहे का?

आता त्याच तरुणाने लिहिलेला दुसरा मजकूर वाचा.

'औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण. त्यानंतर एका कारखान्यात एक वर्ष शिकाऊ उमेदवार. मोटर वायंडिंग आणि पॅनेल जोडणी स्वतंत्रपणे करता येते. तिन्ही पाळ्यांत काम करण्याची तयारी. मराठी, उर्दू व हिंदी बोलता येते; यंत्रावरील इंग्रजी सूचना वाचून समजतात.'

या मजकुरात 'मेहनती' हा शब्द कोठेही नाही. तरीही मेहनत दिसते. वाचणाऱ्याला चार प्रश्नांची उत्तरे मिळतात : हा कोण आहे? याला काय येते? ते तो कोठे शिकला किंवा कोठे केले? आणि आमच्या कोणत्या कामी तो येईल? चांगल्या परिचय-सारांशात या चार प्रश्नांची उत्तरे असतात.

विशेषणांपेक्षा काम अधिक बोलते, हे समजण्यासाठी शिरवळजवळचेच एक उदाहरण घेऊ. खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. 'सावित्रीबाई फार थोर आणि धाडसी होत्या,' एवढेच सांगितले, तर त्यांना न ओळखणाऱ्या माणसाला काय समजेल? त्याऐवजी असे सांगू : 'जन्म ३ जानेवारी १८३१. १८४८ साली पुण्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका. १८५४ साली काव्यफुले हा कवितासंग्रह प्रसिद्ध. १८९७ साली प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना निधन.' चारच छोटी वाक्ये आहेत. त्यांत एकही विशेषण नाही. तरी थोरपणाही कळतो आणि धाडसही कळते.

अर्ज लिहिण्याची ही कला जुनी आहे. इटलीतील लिओनार्दो दा विंची हे नाव तुम्ही चित्रकार म्हणून ऐकले असेल. सुमारे १४८२ साली त्याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे कामासाठी पत्र लिहिले. त्याचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात आपल्याला काय काय करता येते, याचे दहा मुद्दे आहेत. पण चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी येतो! आधीचे नऊ मुद्दे हलके पूल, तोफा, झाकलेले युद्धरथ अशा गोष्टींविषयी आहेत. तो काळ लढायांचा होता. सत्ताधीशाला कशाची गरज आहे, हे लिओनार्दोने ओळखले आणि तेच आधी लिहिले. आपणही अर्ज करण्यापूर्वी जाहिरात दोनदा वाचावी. तिच्यात मागितलेल्या गोष्टींखाली रेघ मारावी. त्यांपैकी आपल्याला खरोखर येणाऱ्या गोष्टी आधी लिहाव्यात. प्रत्येक जागेसाठी हा मजकूर थोडा बदलावा लागतो.

काही विद्यार्थी म्हणतील, 'आम्ही अजून कोठे नोकरी केली नाही. मग अनुभव म्हणून काय लिहावे?' पगार मिळाला नाही, म्हणून काम हे काम नसते का? समजा, एक मुलगी वाणिज्य शाखेतून बारावी झाली. घरच्या कापड दुकानाची वही ती दोन वर्षे लिहीत आहे. तिला वाटते, 'हे तर घरचेच काम!' पण तिने असे लिहावे : 'बारावी (वाणिज्य) उत्तीर्ण. घरच्या कापड दुकानाचा रोजचा जमाखर्च आणि उधारीची वही दोन वर्षांपासून सांभाळते. संगणकावर मराठी व इंग्रजी टंकलेखन येते. लेखा विभागात साहाय्यक म्हणून काम करण्याची इच्छा.' ज्या मुलीला आपल्याजवळ काहीच नाही असे वाटत होते, तिच्याजवळ दोन वर्षांचा अनुभव निघाला. शेतातील पंप दुरुस्त करणारा मुलगा, वडिलांच्या गॅरेजमध्ये हात काळे करणारा मुलगा, शिवणकाम करून घराला हातभार लावणारी मुलगी, या सर्वांनी आपले काम असेच नोंदवावे. उर्दू, हिंदी आणि मराठी या तीन भाषा येणे हीसुद्धा मोठी जमेची बाजू आहे. ती लिहिण्यास संकोच करू नये.

मात्र जे येत नाही, ते लिहू नये. कागदावर 'वेल्डिंग येते' असे लिहिले आणि मुलाखतीत अधिकाऱ्याने 'चला, करून दाखवा' म्हटले, तर काय होईल? एक खोटे वाक्य बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचा विश्वास घालवते. 'शिकत आहे' असे खरे लिहिण्यात कमीपणा नाही.

उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. 'अर्ज', 'तारीख', 'शिफारस', 'जबाबदारी' हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. मराठीतही त्यांचे अर्थ जवळपास तेच आहेत. पण काही शब्द ओळखीचे वाटले, तरी फसवतात. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश; मराठीत 'खुलासा' म्हणजे स्पष्टीकरण. कार्यालयाने 'खुलासा करा' असे लिहिले, तर ते झालेल्या गोष्टीचे कारण विचारत असते. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'तालीम' म्हणजे व्यायामशाळा किंवा सराव. 'माझी तालीम दहावीपर्यंत झाली,' असे लिहिले, तर वाचणारा तुम्हांला पहिलवान समजेल! तेथे 'शिक्षण' हाच शब्द हवा. उर्दूत 'दाखिला' म्हणजे प्रवेश. मराठीत 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे समझोता. मराठीत मात्र नोकरी सोडण्याचे पत्र. नोकरी मागण्याच्या पत्रात हा शब्द चुकून आला, तर किती घोटाळा होईल! आणि उर्दूतील 'मुलाकात' म्हणजे साधी भेट. मराठीतील 'मुलाखत' ही प्रश्नोत्तरांची भेट असते.

शेवटी लिहिण्याची रीत लक्षात ठेवा. परिचय-सारांश कागदावर सर्वांत वर असतो, पण तो सर्वांत शेवटी लिहावा. आधी शिक्षण, प्रशिक्षण, काम आणि भाषा यांची संपूर्ण यादी करावी. त्यातून या जागेसाठी महत्त्वाच्या गोष्टी निवडाव्यात. उंची, वजन, छंद, वडिलांचा व्यवसाय यांना या चार ओळींत जागा देऊ नये. वर्षे आणि महिने आकड्यांत लिहावेत. वाक्ये छोटी ठेवावीत. लिहून झाल्यावर मजकूर मोठ्याने वाचावा आणि शिक्षकांना किंवा जाणत्या माणसाला दाखवावा. प्रत्येक वाक्यापुढे 'याचा पुरावा काय?' असे स्वतःला विचारावे. दाखला दाखवता येत असेल किंवा काम करून दाखवता येत असेल, तर ते वाक्य ठेवावे. दोन्ही नसेल, तर ते खोडावे. जे उरेल, ती तुमची खरी ओळख. ती घेऊन कोणत्याही फाटकासमोर ताठ मानेने उभे राहता येते.

स्वाध्याय

१. पहिल्या मजकुरातून तरुणाची ओळख का होत नाही, ते दोन-तीन वाक्यांत लिहा.
२. लिओनार्दोने चित्रकलेचा उल्लेख शेवटी का केला असावा?
३. 'खुलासा', 'तालीम', 'दाखला' या शब्दांचा मराठी अर्थ लक्षात घेऊन वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या घरातील काम करणाऱ्या एका व्यक्तीशी बोला आणि तिचा परिचय-सारांश चार वाक्यांत लिहा. एकही विशेषण वापरू नका.